कारंजं आणि निळं कमळ

नळवाल्या काकांनी पंचेचाळीस वर्षं एकच काम केलं, साचलेल्या पाण्याला वाट दाखवायचं. तुंबलेली मोरी असो, गळका नळ असो की ओल धरलेली भिंत, काका पाना घेऊन दारात उभे राहिले की पाणी मुकाट्यानं सुतासारखं सरळ व्हायचं. त्यामुळे काम सोडल्यावर त्यांनी स्वतःच्याच परसात कुदळ चालवून तळं खणायला घेतलं, तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, जन्मभर लोकांकडचं पाणी काढलंत आणि आता आपल्याकडे मुद्दाम साचवताय?"

"ताईसाठी करतोय."

काकूंनी कमरेवरचे हात खाली घेतले. काकांची थोरली बहीण लहानपणी वीटभट्टीमागच्या तळ्यात उतरून निळी कमळं काढायची आणि काठावर रडत बसलेल्या धाकट्या भावाच्या हातात द्यायची. ते तळं आता बुजवायला घेतलं होतं. काका मातीच्या गाड्यांपुढे गुडघाभर चिखलात शिरले आणि लिंबाएवढा एकच कंद घेऊन बाहेर आले. बाकी सगळं गाडलं गेलं. त्यांनी तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, तुझं फूल वाचवलंय. फुललं की बोलावतो."

"छोट्या, तुझ्या हातून कोरफडसुद्धा मेली होती," पलीकडून आवाज आला. "आणि मी शहात्तरची आहे. जरा लवकर फुलव."

सहासष्ट वर्षांचा हा 'छोट्या', म्हणजे काका, जिद्दीला पेटले. तळं दोन हात खोल केलं, खाली जाड प्लास्टिक अंथरलं. पसरट घमेल्यात चिकणमाती भरून कंद लावला, माती तरंगू नये म्हणून वर खडे पसरले, आणि घमेलं विटांवर ठेवलं. पानं जशी वाढतील तशी एकेक वीट काढायची. डासांचा बंदोबस्त करायला ओढ्यातले बारके मासे आणून सोडले. अकराव्या दिवशी तांबूस गुंडाळी झालेलं पहिलं पान वर आलं आणि काकांनी शेजारपाजारच्या चार घरांना ते बोलावून दाखवलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण उभं पाणी पाहून काकांचे हात शिवशिवायला लागले. माळ्यावर जन्मभराचे उरलेले पाइप पडलेले. आठवडाभर खटपट करून त्यांनी तळ्याच्या मधोमध सात धारांचं कारंजं उभारलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका सकाळी ते सुरू करत आणि अंधार पडल्यावरच बंद करत.

पंधरा दिवसांत कमळाची पानं कडेनं काळी पडायला लागली. काकांनी मातीवर संशय घेतला, माशांवर घेतला, शेजारच्या मांजरावरही घेतला. जेवण जाईना. कंद एकच होता.

"मी बोलू का?" कपडे वाळत घालता घालता काकू म्हणाल्या. "तळ्यातल्या त्या कडेच्या दगडाआडचं पान बघा. तेवढंच एक ठणठणीत आहे. तिथं तुमच्या कारंज्याचा पाऊस पोचत नाही."

"पाण्यातल्या झाडाला पाण्याचा त्रास? काहीतरीच!"

"तुम्हाला दिवसभर नळाखाली बसवते, मग सांगा."

काका दिवसभर फुगून बसले. पण वीटभट्टीचं तळं काही डोळ्यांपुढून हलेना. त्या पाण्यावर चतुर येऊन टेकला तरी तरंग दिसायचा, इतकं ते निवांत असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाना उचलला आणि नीट चालणारं काम आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बंद पाडलं.

महिन्याभरात पानांनी तळं झाकून टाकलं. मग एक कळी पाण्याबाहेर आली आणि उमलली. काकांचा फोन गेला. दोन दिवसांनी ताई निघाली खरी, पण वाटेत बस बिघडली आणि ती दारात उतरली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. फूल घट्ट मिटलेलं.

"हे होय?" ताई वाकून म्हणाली. "ही तर मिटलेली छत्री आहे."

काकांचं तोंड एवढंसं झालं. "सकाळी उघडतं गं. तीन-चार दिवसच टिकतं, आज तिसरा दिवस. उद्या उघडेल की नाही, सांगता येत नाही."

ताई कोणाकडे मुक्काम करत नसे, लेकीकडेसुद्धा नाही. संध्याकाळची परतीची बस तिनं आधीच विचारून ठेवली होती. तिनं हातातली पिशवी काकूंकडे दिली.

"वहिनी, उशी जरा कडक दे गं. मऊ उशीनं माझी मान धरते."

सकाळी सातलाच ती स्टूल टाकून काठावर बसली. आठ वाजले, नऊ वाजले. काका बोटानं पाकळी सोडवायला पुढे झाले, तशी ताईनं त्यांच्या हातावर चापट मारली. साडेनऊला एक पाकळी सुटली, मग दुसरी, आणि बघता बघता आख्खं निळं फूल उन्हात उघडं झालं. मधमाशी कुठून आली कोण जाणे, पण सरळ आत शिरली. ताईनं काकांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"तेच आहे रे, छोट्या," ती म्हणाली. "अगदी तेच."

"अहो," काकू पाण्यात डोकावत म्हणाल्या, "खाली अजून एक कळी आहे. चार दिवस तरी लागतील तिला."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. लेक विचारत होती, आई, निघालीस का?

"हळू बोल," ताई कुजबुजली. "मी इथं कामात आहे. शुक्रवारनंतर बघू."