पाच टायरांची उंची

मी डूख धरणारा माणूस आहे. बायको म्हणते, एवढं रवंथ म्हैससुद्धा करत नाही. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि माझं जळलं ते भर दुपारी, नालासोपाऱ्याहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझा भार कुबड्यांवर. निर्मळला आमची केळीची छोटी वाडी आहे, ती धाकटा भाऊ बघतो. मी घरीच पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. त्या आणायला-पोचवायला स्कूटर आहे, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. नीट मोजली तर चाकं चार भरतात, पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. ती सुरू असेल तर मी निर्मळ, कळंब, सोपारा कुठंही जाऊ शकतो. ती बंद पडली की मी ओटीवरचा पाट.

असल्या गाड्यांचं काम आमच्या बाजूला तो एकटा गॅरेजवाला करायचा. कळंबचा, कोळ्यांतला, हाताला कसब असलेला. इतरांच्या स्कूटरी तो रॅम्पवर चढवायचा. माझी त्या अरुंद फळीवर बसत नसे, म्हणून तिला जुन्या टायरवर आडवी पाडून खालचं काम करायचा. पेट्रोल ठिबकायचं, आरसा घासला जायचा. मला दरवेळी वाटायचं की मलाच आडवं पाडलंय. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरीकडे जाणार कुठं?

त्या दुपारी त्यानं आणि त्याच्या कारागिरानं मला काखेत धरून सीटवरून उचललं आणि रचून ठेवलेल्या पाच टायरांवर बसवलं. खाली ऑइल सांडलेलं होतं म्हणे. "बसा वर, वारा लागंल," तो म्हणाला. मग स्कूटर आडवी केली. माझ्या कुबड्या तिलाच अडकवलेल्या असतात, त्या तिच्याखाली गेल्या. शेजारच्या आळीत लग्न होतं, तिथून जेवणाचं बोलावणं आलं. "आलोच आम्ही," असं म्हणून दोघं गेले.

मी टायरांवर. पाय लोंबकळतायत. खाली उडी मारायची सोय नाही, सरकून उतरावं तर टायरांची चळतच कलंडेल. सुरुवातीला मी रागावलो नाही. एक जण येऊन पंक्चर काढून मिळेल का विचारून गेला. दुसऱ्यानं हवा कुठे आहे विचारलं, आणि मी मालकासारखा हात करून नळी दाखवली. माझ्या वर्गात शिकलेली एक बाई भाजी घेऊन समोरून गेली, तिनं हात हलवला, मीही हलवला. हाक मारली असती तर कोणीही उतरवलं असतं. पण परक्या माणसानं रस्त्यात काखेत हात घालून मला मुलासारखं उचलावं, हे मला नको होतं. लग्नातला बँजो वाजत राहिला आणि ते दोघं काही येईनात. शेवटी जे व्हायला नको होतं ते झालं. पन्नाशीचा माणूस मी, माझी पँट ओली झाली.

ते आले तेव्हा त्यानं पाहिलं. मला उतरवून गाडीवर बसवलं, किक मारून दिली, आणि मी वळायच्या आत बादली घेऊन टायरांवर पाणी ओतायला लागला. माझ्या तळपायांना तसं फारसं काही कळत नाही, पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाटकाबाहेर पडण्याचीही वाट बघवली नाही त्याला.

घरी मी बायकोला एवढंच सांगितलं की ह्यापुढं गाडीचं काम घरीच करायचं. मनात मात्र ठरवलं होतं की एक दिवस हा माणूस माझ्या दारात येईल, मी त्याला उंच बसवीन आणि जेवायला निघून जाईन.

आधी खड्डा खणायचा विचार केला, गॅरेजात असतो तसा. बायको म्हणाली, "आपल्याकडं हातभर खणलं की पाणी लागतं. गाडी दुरुस्त करणार की मासे पाळणार?" तिचं बरोबर होतं. शिवाय खड्ड्यात उतरायचं कोणी? मला गाडीखाली जाणं जमणार नव्हतं, म्हणजे गाडीनंच वर यायला हवं होतं.

मग लिफ्ट शोधायला लागलो. मोबाइलवर बघितल्या, दुकानदारांना फोन केले. दुचाकीची लिफ्ट म्हणजे तीच अरुंद फळी. एक दुकानदार म्हणाला, "बाजूची चाकं काढून ठेवा, मग आरामात बसेल." म्हणजे आधी कुबड्या टाका आणि मग चालत या. मी फोन ठेवला. मोटारगाड्यांची लिफ्ट दोन खांबांची. तिला खाली जाड काँक्रीट लागतं, आमच्या वाळूमिश्रित जमिनीत ते खांब उभे राहिले तरी माझा त्यांच्यावर भरवसा बसला नसता. विजेवर चालणारी बघितली. आमच्याकडं पावसात वीज जाते ती पाहुण्यासारखी येते. गाडी वर आणि वीज गुल, असं झालं तर मी काय करणार?

शेवटी गोदामातून माल उचलायला वापरतात तसलं कात्रीसारखं उघडणारं टेबल दिसलं. फळी हवी तेवढी रुंद, जमिनीला जवळजवळ टेकणारी, उतार लावला की गाडी चालवत वर नेता येईल. मला ते फार आवडलं. दुकानदारानं व्हिडिओ पाठवला. त्यात एक धडधाकट माणूस हसत हसत पायानं पेडल मारत होता. मी आणखी चार कंपन्यांची टेबलं बघितली, सगळ्यांना पेडल पायाचं. अपंगाच्या गाडीसाठी लिफ्ट, आणि ती वर न्यायची पायानं! त्या रात्री मी लिफ्ट बनवणाऱ्या यच्चयावत माणसांना शिव्या दिल्या, आणि त्यांच्या आडून त्या गॅरेजवाल्याला.

मग नालासोपारा पूर्वेला एका गाळ्यात वेल्डिंगचं काम करणारा जौनपूरचा माणूस गाठला. त्याला म्हटलं, टेबल हेच, पण पेडल नको, हातानं फिरवायचं हँडल पाहिजे, आट्यांच्या दांड्यावर चालणारं. हँडल सोडलं तरी टेबल जागचं हलता कामा नये. हे त्यानं मान्य केलं. फळीचं माप घेतलं, उताराची लांबी ठरली. मग त्यानं विचारलं की वर किती जायला पाहिजे. मी हात छातीपाशी धरला. माझ्या बसलेल्याच्या नाही, उभ्या माणसाच्या.

"आप तो बैठ के काम करोगे ना? इतना ऊंचा काहे को?" तो म्हणाला.

कामाला स्टुलाएवढी उंची पुरली असती, हे मलाही कळत होतं. पण मला पाच टायरांची उंची हवी होती, आणि वर आणखी थोडं व्याज. बायकोनंही विचारलं. तिला म्हटलं, असू दे, पुढंमागं उपयोगी पडेल. हे खोटं नव्हतं.

लिफ्ट घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसली. गाडी चालवत वर न्यायची, शेजारच्या स्टुलावर सरकायचं, आणि हँडल फिरवायचं. माझ्या हातांत जोर आहे, दोन पायांचं काम त्यांनी जन्मभर केलंय. गाडी वर गेली की तिचं पोट माझ्या डोळ्यांसमोर. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं मी ही गाडी वापरत होतो आणि तिची खालची बाजू फक्त ती लोळत असताना बघितली होती.

बातमी पसरली. अर्नाळ्याची मासे विकणारी एक बाई आपली तीनचाकी घेऊन आली, मग सोपाऱ्याचे एक मास्तर, मग त्यांच्या ओळखीचे. एकालाही मी गाडीवरून उचलू दिलं नाही. प्रत्येकाला आधी कुबड्या हातात आणि खुर्ची सावलीत. आणि प्रत्येक गाडीबरोबर मी मनात म्हणत होतो, हे तुझं गिऱ्हाईक गेलं, हे आणखी एक गेलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात अतोनात सुख होतं. वाडीतल्या चाफ्याचा वाससुद्धा त्या दिवसांत मला जास्त गोड लागायचा.

आणि तो आला. एका रविवारी, बारा वाजायच्या सुमाराला, मोटारसायकलवरून. बायको माहेरी गेली होती. तो सरळ शेडमध्ये शिरला, लिफ्टभोवती फिरला, खाली वाकून आट्यांचा दांडा बघितला, त्यावर बोट फिरवून ग्रीस किती आहे ते बघितलं. "कोनी बनवली?" त्यानं विचारलं. मग म्हणाला की अशीच एक त्यालाही करून घ्यायची आहे. रागाचा शब्द नाही, टोमणा नाही. मला तो राग हवा होता.

मी म्हटलं, वर बसून बघा, माणसाचा भार कसा घेते ते कळेल. तो लगेच चढला आणि मांडी घालून बसला. मी हँडल फिरवायला लागलो. गाडी चढवताना मी मध्ये थांबतो, त्या दिवशी थांबलो नाही. घाम डोळ्यांत गेला. वरून तो म्हणाला, "भाऊ, दमलात. द्या, मी फिरवतो." मी फिरवतच राहिलो. लिफ्ट पार वर नेली, हँडल काढून घेतलं, शर्टात खुपसलं आणि कुबड्या काखेत घेतल्या.

"बसा," मी म्हणालो. "मी जेवून येतो."

"जेवा, जेवा," तो म्हणाला.

मी पाठ फिरवली. शेडपासून घराच्या दारापर्यंतचं अंतर लोक दोन ढांगांत संपवतात, मला वेळ लागतो. त्या दिवशी मला तो वेळ हवाहवासा वाटला. आता त्याला खालचं दिसत असेल, मी म्हटलं. आता लोक रस्त्यानं जातील आणि विचारतील, हा इथं वर काय करतोय. मला हसू फुटत होतं. इतक्या दिवसांचं माझं जळणं मी त्या फळीवर ठेवून निघालो होतो.

मागं धप्प असा आवाज झाला. दोन पाय जमिनीवर टेकल्याचा.

मी अजून पायरीशी पोचलोही नव्हतो. तो हात झटकत माझ्या बाजूनं पुढं गेला आणि त्यानं माझ्यासाठी दाराची कडी काढली. "पायरी ओली हाय," तो म्हणाला. "जपून." मी त्याच्या पायांकडे बघितलं. साध्या रबरी चपला होत्या, टाचेला ग्रीस लागलेलं. तिथून उतरताना त्यांना काही कळलंही नसावं.

मी आत गेलो. दार त्याच्या तोंडावर आपटावं असं मला फार वाटत होतं, पण माझे दोन्ही हात कुबड्यांत होते. मी तसाच उभा राहिलो. "पंखा लावून बसा जरा, घामाघूम झालात," असं म्हणून दार त्यानंच हळूच ओढून घेतलं.