रोलशिवायचा कॅमेरा

हे गेल्याचा निरोप घेऊन गल्लीतला रिक्षावाला दारात आला, तेव्हा मी यांच्यावर रागावलेलीच होते. सकाळी चहाही न विचारता जाऊ दिलं होतं... आता दीड महिना झाला, तरी राग पुरता जात नाही. त्यांच्यावरचा आणि माझ्यावरचाही.

मिलमधलं लूमवरचं विणकाम सोडून यांनी इथे लिंबायतच्या आमच्या गल्लीत फोटोचं दुकान घातलं, ते एका जुन्या कॅमेऱ्यावर. पासपोर्टचे, बारशांचे, लग्नांचे, सगळ्या गल्लीचे फोटो त्यानंच काढले. मग कुठून तरी ऐकून आले, आता रोल न लागणारे कॅमेरे निघालेत. विकत घेणं आवाक्यात नव्हतं. "अगं, आपल्याच कॅमेऱ्याला तसा बनवू." मिलच्या गेटवर पहाऱ्याला लावतात त्या कॅमेऱ्याची आतली पट्टी जुन्या बाजारातून आणली आणि रोलची जागा कानशीनं घासून मोठी केली. मी म्हटलं, "अहो, हा एकच कॅमेरा आहे." तर म्हणे, "म्हणून तर!"

संध्याकाळी वायर टीव्हीला जोडून मला समोर बसवलं. टीव्हीवर नुसतं माझं नाक! पट्टीवरची काच नखाएवढी, भिंगातून येणाऱ्या चित्राचा मधला तुकडाच तिच्यावर पडायचा. "मागे सर... अजून मागे." सरकत सरकत मी उंबरा ओलांडून गल्लीत पोचले. समोरची शांताबाई ओरडली, "वहिनी, आता बारडोलीलाच जाऊन बसा!" सगळे हसले. मला चारचौघांत उभं राहणंच जमत नाही. पदर ओढून आत आले. मग हे स्वतः गल्लीत जाऊन उभे राहिले. "बघ गं, मी येतो का त्यात?" आले होते. पूर्ण, स्वच्छ, हात वर करून हसणारे. मी म्हटलं, "काही दिसत नाही." त्यांनी आत येऊन वायर काढली. ते चित्र कुठे राहायचं नाही, वायर निघाली की संपलं. "साठवायचं कसं ते उद्या बघतो," म्हणाले. सकाळी त्याच कामाला बाजारात गेले, आणि तिथेच छातीत कळ आली.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. नणंद म्हणाली, "फोटोवाल्याच्या घरात फोटो नाही?" नव्हता. लग्नातले पुराच्या पाण्यात गेले, पुढे हे कायम कॅमेऱ्यामागेच. शेवटी दिरांनी मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आणला. डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी. तोच भिंतीवर आहे. असा फोटो यांनी कुणाच्या हातात दिला नसता... पुन्हा बसवलं असतं.