विहीणबाईंनी फोडलेलं जळण

आमची खानावळ कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघालं की डाव्या हाताला लागते. मटण चुलीवरच शिजतं. एकदा चूल बांधायची होती म्हणून दोन दिवस गॅसवर रस्सा केला, तर रोजच्या गिऱ्हाइकांनी पहिल्या घोटाला वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "वैनी, घरात कुणी आजारी हाय काय?" तेव्हापासून गॅसचं नाव काढलं नाही.

म्हणजे जळण आलं, आणि तेही भरपूर. खानावळ उघडल्यापासून ते आमचे हे फोडायचे. रोज सकाळी, उघड्या अंगानं, कमरेला टॉवेल गुंडाळून. सकाळी फिरायला निघालेली माणसं फाटकाशी थांबून बघायची, आणि कुणी थांबलं की यांची कुऱ्हाड वीतभर जास्त वर जायची. मग गेल्या हिवाळ्यात यांचा उजवा खांदा धरला. केस विंचरायला हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, कुऱ्हाड बंद.

"आन् जळण कोण फोडणार? तुमी येताय काय?" यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. रोजावर माणसं लावली, तर ती ऊसतोड सुरू झाली की गायब. वखारीतून फोडलेलं आणलं, तर ते ओलं आणि जाड. चुलीत घातलं की चूल रुसायची आणि धुरानं मी रडायची.

याच दिवसांत माझ्या लेकीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. उभी मशीन. खाली ओंडका ठेवला, वरून पोलादी पाचर उतरली आणि ओंडक्याच्या काकडीसारख्या दोन फाका झाल्या. मी तो इतक्या वेळा बघितला की तव्यावरची भाकरी करपली. यांनी मागून डोकावून बघितलं आणि म्हणाले, "असली थेरं आपल्याला न्हाय लागत." त्याच क्षणी मी ठरवलं की लागतात.

मशीन बघायला जाताना मी सोबत बाभळीचा एक ओंडका घेतला. बुंध्याशी दोन फांद्या फुटतात तिथला, गाठीचा. यांच्या कुऱ्हाडीचे दांडे त्यानं मोडले होते आणि तो तसाच्या तसा कोपऱ्यात पडून होता. स्कूटरवर तो पुढे पायाशी ठेवला. मागे हे बसले, दुखरा हात पोटाशी धरून. "मी मशीन घ्यायला येत न्हाय. नुसता बघायला येतोय," असं त्यांनी निघताना दोनदा सांगितलं.

पहिल्या दुकानात फिरता स्क्रू होता, गाजरासारखा निमुळता. त्याच्यावर लाकूड दाबायचं, म्हणजे तो आत शिरून फाडतो. साध्या लाकडावर तो झकास चालला. मग दुकानदारानं आमचा ओंडका घेतला. स्क्रू गाठीत रुतला, आणि ओंडका फुटायच्या ऐवजी स्वतःच गरगर फिरायला लागला. आम्ही सगळे चार दिशांना पळालो. ओंडका सुटून पत्र्यावर आदळला, तिथून दुकानदाराच्या खुर्चीवर गेला आणि खुर्ची घेऊन आडवा झाला. दुकानदारानं बटण बंद केलं. शांतता झाल्यावर हे खांबामागून बाहेर आले. खांदा धरल्यापासून मी त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं.

"ही घे," ते मला म्हणाले. "गिऱ्हाईक बसून खाणार न्हाय, पळत खाईल. जागा लवकर मोकळी होईल."

दुसरीकडची मशीन ट्रॅक्टरवर चालणारी होती. आमच्याकडे ट्रॅक्टर नाही म्हटल्यावर मालक म्हणाला, "मग घ्या की." यांनी माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "आधी ट्रॅक्टर घेऊ. मग रान घेऊ. मग ऊस लावू. तोवर मटण कच्चंच वाढू."

तिसरी जागा उद्यमनगरात. तिथला फॅब्रिकेटर स्वतः मशीन बनवतो. त्याची मशीन उभी होती, पोपटी रंगाची. असा रंग का, विचारलं तर म्हणाला, शेजारच्या कारखान्यात उरला होता. त्यानं आधी मलाच प्रश्न विचारले. चुलीचं तोंड केवढं, लाकूड केवढं लांब लागतं, वीज सिंगल फेज का थ्री फेज. सिंगल फेज म्हटल्यावर तो म्हणाला, मग मोटर लहान बसेल, पाचर सावकाश येईल, पण जोर तोच. जोर तेलाच्या दाबाचा, मोटरचा नाही. आणि ओंडका जमिनीलगतच उभा करायचा, उचलून वर ठेवायला नको. मग त्यानं कमरेच्या उंचीवरचे दोन दांडे दाखवले.

"वैनी, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर असल्याशिवाय पाचर खाली येत न्हाय. एक सुटला की जाग्यावर थांबती. लाकडाला हात लावून कुणी शहाणपणा करू नये म्हणून. आन् एका वेळी एकच माणूस."

यांनी लगेच एकाच दांड्यानं चालवून बघितली. पाचर हलली नाही. "हिला अक्कल हाय," हे म्हणाले.

मी ओंडका ठेवला. फॅब्रिकेटरनं डोळ्यांवर चष्मा दिला. मी दोन्ही दांडे दाबले. पाचर सावकाश उतरली, गाठीवर बसली आणि तिथंच थांबली. मोटरचा आवाज जड झाला. हे गालात हसले. मी दांडे तसेच दाबून धरले. आणि मग आतून, अगदी खोलातून, कर्रर्र असा आवाज आला, आणि एवढी वर्षं यांना दाद न दिलेली बाभूळ उघडली. आतून लालबुंद, चकचकीत.

मला हसायला यायला लागलं. का ते सांगता येणार नाही. आवरेचना. पोट धरून मी तिथल्या एका उलट्या बादलीवर बसले, फॅब्रिकेटरनं पाणी आणून दिलं, तर ते पिताना आणखी हसू आलं आणि ठसका लागला. हे दोन फाका हातात घेऊन उभे होते. एकमेकींना लावायचे, काढायचे, परत लावायचे. घरी येताना त्या मांडीवर घेऊनच बसले.

मशीन आली त्या दिवशी मी त्या दिवसाचं जळण फोडलं. मग दुसऱ्या दिवसाचं फोडलं. मग उगाचच आठवड्याचं फोडलं. गिऱ्हाइकं ताट येईपर्यंत बाजूच्या अंगणात यायला लागली. "वैनी, एक फोडू काय?" हुपरीहून पैंजण करणारं एक कुटुंब जेवायला आलं होतं. त्यातल्या आजोबांनी एक फोडला आणि मग जेवायला उठेचनात. सुना हाका मारून दमल्या. मी खुंटीला चार चष्मे टांगून ठेवले. चष्म्याशिवाय दांड्याला हात लावू द्यायची नाही.

हे मात्र लांबून सूचना द्यायचे. वाकडं ठेवलंस, साल वर आली, आवाज बदलला. मशीनला बोट लावलं नाही. आठवडा गेला असेल. दुपारी भाकऱ्या उरकून मी अंगणात आले तर चष्मा लावून, दोन्ही दांड्यांवर हात ठेवून, हे. दांडे कमरेशी असल्यामुळे खांदा दुखत नव्हता. मला बघून दचकले.

"ऑईल बघत होतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ऑईल रोज बघितलं जाऊ लागलं, तासतासभर. ढीग कंपाउंडच्या भिंतीवर गेला. मग एका सोमवारी, खानावळ बंद असताना, फोडायला काही उरलंच नाही. हे अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि पुढच्या दारातल्या आंब्याच्या खोडापाशी थांबले. गिऱ्हाइकं वाट बघत त्यावर बसायची.

"हे जरा डुगडुगतंय असं वाटत न्हाय तुला?"

"नाही वाटत."

"कोण पडलंबिडलं म्हणजे..."

मी बाजारातून परत येईपर्यंत बसायची सोय जळणाच्या ढिगात रचून झाली होती. मंगळवारी मला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणाव्या लागल्या.

आता विहीणबाईंचं सांगते. माझ्या लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं, कर्नाटक सीमेकडच्या एका घरात. मुलगा सोन्यासारखा, पण ते लिंगायत घर, अंडंसुद्धा शिजत नाही. आणि आमची खानावळ मटणाची. विहीणबाई लग्नात ताठ पाठीनं बसल्या, सगळं रीतीनं केलं, पण आमच्या दारात कधी पाऊल टाकलं नाही. लेक-जावई कोल्हापुरातच राहतात, त्यांच्या फ्लॅटवर आमची गाठ पडायची. "बरं आहात?" "बरं. तुम्ही?" "बरं." मग पंख्याचा आवाज यायचा. दोन वर्षं असंच चाललं होतं. मी रागावले नव्हते, पण त्या येणार म्हटलं की मी निघताना साडी दोनदा बदलायची.

एका रविवारी ती सगळी पन्हाळ्याला निघाली होती. लेकीला माझा डबा परत द्यायचा होता, म्हणून गाडी आमच्या दारात थांबली. विहीणबाई मागच्या सीटवर, काच बंद, पदर नाकाला. मी बाजूच्या अंगणात चिंचेचा ओंडका फोडत होते. तो फुटला तशी काच थोडी खाली आली. दुसरा फुटला, काच आणखी खाली. तिसऱ्याला दार उघडलं. इरकल सावरत त्या उतरल्या आणि ढिगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय ओ?"

"जळण फोडायची मशीन."

"चिंच फोडती?"

"ही चिंचच आहे."

त्यांनी फाक उचलून वास घेतला. मग एकदम बोलायला लागल्या. त्यांच्या मळ्यात जुनी चिंच पावसात उन्मळून पडली होती. घरातले सगळे पुरुष 'उद्या बघू' म्हणत होते, आणि चिंच तशीच आडवी होती. "माहेरी मी वडिलांबरोबर लाकडं फोडायची," त्या म्हणाल्या. "लग्न झालं, मग कुणी कुऱ्हाड हातात दिली नाही."

मी खुंटीवरचा चष्मा काढून त्यांना दिला.

त्यांनी पदर खोचला, पाटल्या वर सारल्या आणि दांडे धरले. पाचर उतरली, चिंच फुटली. त्यांनी दांड्यांवरचे हात काढलेच नाहीत. मला वाटलं घाबरल्या.

"इन्नोंदु," त्या म्हणाल्या.

"आणखी एक म्हणतायत," लेक मागून म्हणाली.

हे डाव्या हातानं ओंडके लोटत आणायला लागले. विहीणबाई बोटानं दाखवायच्या, "तो बारका नको, तो पलीकडचा," आणि खानावळीत कुणाचं न ऐकणारे आमचे हे "जी, जी" करत पळायचे. इन्नोंदु. इन्नोंदु. एक ढलपी उडून त्यांच्या अंबाड्यात बसली. मी ती काढायला गेले तर दुसरी माझ्या अंबाड्यात येऊन बसली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आधी त्यांना हसू फुटलं का मला, आठवत नाही. त्या मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जावई माझ्या लेकीकडे बघतच राहिले. त्यांनी आईला असं कधी ऐकलं नव्हतं.

"आई, पन्हाळ्याला उशीर होतोय," ते हळूच म्हणाले.

"पन्हाळा कुठं पळतोय?"

तेवढ्यात लाईट गेली. पाचर लाकडात अर्धी रुतलेली, विहीणबाईंचे हात दांड्यांवरच. त्या म्हणाल्या, "चहा मिळेल काय अक्का?"

आजवर मी 'विहीणबाई' होते. अक्का म्हटल्यावर मला आनंदही झाला आणि धडकीही भरली. मी खरं ते सांगितलं, "चूल आणि भांडी सगळी मटणाची आहेत."

त्या विचारात पडल्या. हे लगेच गेले, तीन विटा आणून अंगणातच मांडल्या आणि मागच्या आमच्या घरातून देवाच्या नैवेद्याचं पातेलं घेऊन आले. जळण विहीणबाईंनी स्वतः फोडलेलंच लावलं. चहा झाला. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, एक घोट घेतला.

"धूर लागलाय," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला.

"चांगला लागलाय की."

दोन कप झाल्यावर लाईट आली. अर्ध्यातला ओंडका त्यांनीच पुरा केला, दुसऱ्या कुणाला दांड्याजवळ येऊ दिलं नाही. पन्हाळ्याला त्या दिवशी कुणी गेलं नाही.

पुढच्या महिन्यात उद्यमनगरातली एक मशीन टेम्पोत बसून सीमेकडे गेली. पोपटी रंग संपला होता म्हणून निळी. चिंच संपली, मग बांधावरच्या वठलेल्या बाभळी संपल्या. आता गावातले लोक आपली लाकडं घेऊन येतात आणि विहीणबाई चष्मा लावून, दांडे धरून उभ्या असतात. आमचे हे ऑईल बघायला तिथं जातात आणि दोन दिवस बिनमटणाचे राहून, लोण्याची भाकरी खाऊन, गाल वर काढून येतात. विहीणबाई आमच्याकडे आल्या की अंगणात बसतात. आत अजून येत नाहीत. मीही म्हणत नाही. विटांची चूल आता कायमची तिथंच आहे.

सकाळी भाकऱ्या सुरू व्हायच्या आधी आमचा फोन असतो. काल काय फोडलं, कशाची गाठ अडली, पाचरीला धार लावली का. लेकीची तक्रार आहे की ती सकाळी मला लावते तर माझा लागत नाही, आणि सासूबाईंना लावते तर त्यांचाही लागत नाही.