सगळ्यांदेखत प्याला

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि टोचलं की बोला म्हणाले. मी बराच वेळ तशीच बसले. शेवटी मीच म्हणाले, "टोचा ना, मी तयार आहे." डोळे उघडले तर टाचणी त्यांच्या हातात होती आणि माझ्या मनगटावर रक्ताचे थेंब. माझे यजमान खाली मान घालून उभे होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, ही लेप्रसी आहे." लेप्रसी म्हणजे महारोग. त्याच दिवशी आम्ही बसनं बुलढाण्याहून परतलो.

खूण तशी आधीच मिळाली होती. दुसरबीडच्या बाजारातून मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, एक चप्पल कुठं आहे? ती पायातून निसटल्याचं मला कळलंच नव्हतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. पाठीवरच्या फिकट चट्ट्याला गजकर्ण समजून मलम चोळत होतो. तुमचा असा चट्टा बधिर असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

मराठी भाषकांचं नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. या रोगाचं मिशनचं रुग्णालय आमच्यापासून लांब होतं. सुमन, आमची लेक, जेमतेम चालायला लागली होती. तिला सासूबाईंच्या कडेवर देऊन मी निघाले.

तिथं कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतला द्रव काचपट्टीवर घेतात. त्याला स्मियर म्हणतात. जंतू दिसले की पॉझिटिव्ह, नाही दिसले की निगेटिव्ह. माझा पॉझिटिव्ह आला. सल्फोनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गुण देतात, पण बैलगाडीच्या चालीनं. वर्षं लागतात.

मी गावातल्या शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारी पोरांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाची, मास्तरीण. माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासानं नीतिमान ठरतो, हे मी पोरांकडून घोकून घेतलेलं. ठरतो म्हणजे काय? देव न्यायाधीशासारखा जाहीर करतो की ख्रिस्तामुळे तुला नीतिमान मोजलं. आधी तू चांगला हो, मग बघू, असं तो म्हणत नाही. पोरं हे धडाधड म्हणायची आणि मी खूश व्हायचे.

रुग्णालयात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी माझी गत झाली. मी उपास धरले, वॉर्डाची फरशी घासली, दुसऱ्यांची लुगडी धुतली. देवानं बघावं आणि मला लवकर लेकीकडे पाठवावं, एवढाच हिशेब. घासून घासून करंगळीला जखम झाली, तीही मला कळली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई संतापल्या. "फरशी पुसून स्मियर निगेटिव्ह होत नाही. जेवा आणि गोळी घ्या." मला त्यांचा फार राग आला होता.

मग एकदाचा स्मियर निगेटिव्ह आला, पुढचेही तसेच आले. बाई म्हणाल्या, "घरी जा. मुलीला पोटाशी धरा." मी रोगानं वाकडी झालेली बोटं पुढे केली. त्या म्हणाल्या, "ती अशीच राहतील, नस मेली आहे. पण कुणाला धोका आहे की नाही हे बोटं पाहून ठरत नाही, काचपट्टी पाहून ठरतं."

घरी आले आणि मी माझं ताट नि पेला वेगळा काढून पडवीत ठेवला. सुमन आता शाळेत जात होती. ती दाराआडून माझ्याकडे बघायची, मी तिला हात लावत नव्हते. सासूबाईंनी ताट पाहिलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या. मला ते बरंच वाटलं.

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं: ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेण्याचा विधी. आमच्या मंडळीत एकाच प्याल्यातून सगळे ओळीनं पितात. माझ्यानंतर कुणाला प्यावं लागू नये म्हणून मी अगदी दाराशी जाऊन बसले. सासूबाई नेहमी पुढे बसायच्या. त्या उठल्या, मागे आल्या आणि माझ्या पलीकडे, उंबऱ्याला लागून बसल्या. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्याला घेऊन आले तेव्हा मी हळूच म्हटलं, आत्याबाई, आधी तुम्ही घ्या.

"काऊन? डाक्टरीणबाईनं तुले बरी म्हटलं ना?"

"हो, पण माझे हात..."

"हात मले दिसून राह्यले. मी तुह्या हाताले नाही इचारलं. तू घे. मी तुह्यामागूनच घेईन."

सगळी मंडळी वळून बघत होती. मी प्याले. पाळकसाहेब रुमालानं कड पुसायला गेले, तर सासूबाईंनी प्याला ओढूनच घेतला आणि तशाच प्यायल्या. त्या क्षणी मला पोरांना शिकवलेला सगळा धडा उमगला असं लिहायला छान वाटेल, पण खरं सांगायचं तर मी सासूबाईंना घाबरून प्याले. रडू मागाहून आलं, आणि आवरेना.

डॉक्टरांनी बरं ठरवलं तरी ज्यांचं ताट अजून वेगळं आहे, त्यांना एवढंच सांगेन: आतून काही वेगळं वाटण्याची वाट बघू नका. मी त्या रविवारी घरी येऊन ताट पडवीतून आत नेलं तेव्हाही मला काही वेगळं वाटत नव्हतं. ज्यांच्यामुळे ते आत गेलं त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही, आणि फेडायला गेले तर त्या रागावतील.

देवळातून निघालो तेव्हा सासूबाई पुढे चालत होत्या आणि सुमन माझ्या डावीकडे, वाकड्या बोटांच्या बाजूला. थोडं पुढे गेल्यावर मला तिची पावलं फार जवळ ऐकू यायला लागली. हाताला काही कळत नव्हतं, म्हणून मी खाली बघितलं. तिनं माझी बोटं धरलेली होती, कधीपासून कोण जाणे.