घाण घरी नेणारी माणसं

माझ्या नवऱ्याने बरीच वर्षं शाळेची व्हॅन चालवली. नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. पुढे शाळेनेच बस घेतल्या आणि व्हॅन आमच्या दारात उभी राहिली. विकायला काढली तर जो तो भंगाराचाच भाव सांगायचा. एक दिवस नवरा म्हणाला, "आपणच फिरू हिच्यातून." मला वाटलं, नुसतं बोलतोय. पण त्याने खरंच मागच्या सीटा काढल्या, फळ्या ठोकून झोपायची जागा केली, शेगडीसाठी ओटा केला. मी ब्लाउज शिवते, मशीन घरातच आहे. खिडक्यांना पडदे आणि डासांची जाळी मी शिवली.

सगळ्यात जास्त डोकं त्याने संडासावर चालवलं. एक लाकडी खोकं, आत घट्ट झाकणाची बादली, वर बसायची सीट, शेजारी वखारीतून आणलेल्या भुशाचं पोतं. जाऊन आलं की वर भुसा टाकायचा, झाकण लावायचं. वास येत नाही. घरी आलं की ती बादली परसातल्या खड्ड्यात रिकामी करायची आणि वर माती लोटायची. भांडी घासलेलं पाणीही आम्ही कॅनमध्ये साठवून परत आणतो. हे उघड लिहायला मला काही वाटत नाही. लाज वाटावी असं जे आहे ते पुढे येणार आहे.

आमची ठरलेली जागा त्र्यंबकच्या बाजूला एका धरणाच्या फुगवट्याकाठी होती. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं की आणखी चार गाड्या जातील. रस्ता सोडून कच्च्या वाटेने खाली उतरलं की एक उतरती माळजमीन लागते. ती एका बाईंची. नवरा गेलेला, मुलगी लग्न करून दिलेली, एकट्याच शेत बघतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. पहिल्या वेळी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "इथे एक रात्र गाडी लावली तर चालेल का?" त्या म्हणाल्या होत्या, "लावा की. जागा काय झिजती का?" त्यानंतर दर वेळी आधी त्यांच्या दारात जायचं, मग गाडी खाली न्यायची, असा आमचा शिरस्ता पडला.

त्या काठावर एक झिरा आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की बायका कोरड्या पडलेल्या वाळूत खड्डा खणतात. वाळूतून गाळून आलेलं पाणी त्यात हळूहळू साठतं. वाटीवाटीने उपसून हंडा भरायचा. वरच्या वाडीचं मे महिन्यातलं प्यायचं पाणी ते. कुत्री आणि गुरं तोंड घालू नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या लावलेल्या असतात.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला माझी नणंद आणि तिचा नवरा आमच्याकडे आमरसाला आले होते. नणंदेच्या नवऱ्याला आम्ही दोघंही दाजी म्हणतो. ते ठाण्याला असतात, इमारतींची कंत्राटं घेतात. व्हॅन बघून ते हरखले. आत चढले, फळीवर आडवे झाले, शेगडी पेटवून पाहिली. मग त्या खोक्याचं झाकण उघडून म्हणाले, "हे काय?"

नवऱ्याने समजावून सांगितलं. दाजी पोट धरून हसले. "म्हणजे स्वतःची घाण स्वतः घरी घेऊन येता? अरे, एवढं रान पडलंय मोकळं!"

नणंद मान खाली घालून रस वाढत राहिली. जाताना दाजी म्हणाले, "पुढच्या वेळी आम्हीपण. आमची गाडी आणतो, तंबू आणतो." घरच्या जावयाला नाही कोण म्हणणार? नवरा हो म्हणाला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. कच्च्या वाटेला लागलो तोच नवऱ्याने ब्रेक दाबला. खाली गाड्याच गाड्या होत्या. दारं सताड उघडी, प्रत्येकीत वेगळं गाणं. पाण्याच्या कडेला भाड्याच्या तंबूंची रांग. मावशी दारातच उभ्या होत्या. नेहमीसारखं हसल्या नाहीत.

"तुम्ही वरच लावा गाडी, माझ्या बांधाला. खाली लय घाण केलीय. आन झिऱ्याला काटी लावलीय, तिकडं कुनी जाऊ नका बाई."

मी तेच दाजींना जसंच्या तसं सांगितलं. झिरा म्हणजे काय, तेही सांगितलं. ते गाडीतून आंब्याची पेटी उतरवत होते. "हो हो," म्हणाले.

संध्याकाळी मी करवंदं बघायला निघाले. दर वर्षी त्या काठच्या जाळ्यांमधून मी ओंजळभर तरी काढते. पहिल्याच जाळीपाशी पाय अडखळला. खाली पातेलंभर शिळा भात, माश्या घोंघावतायत. दुसऱ्या जाळीवर ओले पुसायचे पांढरे कागद अडकलेले, वापरलेले. तिसऱ्या जाळीखाली माणूस बसून गेला होता, आणि फार वेळ झाला नव्हता. शेजारी लहान मुलाचं डायपर, गुंडाळायचेही कष्ट न घेता टाकलेलं. करवंदं मात्र काळीभोर पिकली होती. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पुढे दोन बायका नाकाला पदर लावून त्याच कामासाठी आडोसा शोधत चालल्या होत्या. त्यांना कुणी एक खड्डा खणून दिला असता तरी चाललं असतं. पण खालच्या त्या एवढ्या सगळ्या माणसांत, एवढ्या महागड्या सामानात, एकही फावडं नव्हतं.

दाजींनी कोंबडी आणली होती. ती त्यांनी स्वतः केली, चुलीवरच करायची म्हणून हट्टाने मावशींच्या बांधावरची लाकडं ओढून आणली. नवरा म्हणाला, "दाजी, शेगडी आहे ना." ते म्हणाले, "शेगडीवर तर ठाण्यालाही करतो." जेवण झाल्यावर पातेलं घासायला मी कॅन काढला, तर म्हणाले, "राहू द्या वहिनी, मी आणतो विसळून." मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एवढं तरी काम करतायत. हाडं, पत्रावळ्या, आंब्याच्या साली मी एका काळ्या पिशवीत भरल्या, तोंडाला ब्लाउजच्या कापडाची पट्टी बांधली आणि नणंदेला म्हणाले, "ही तुमच्या डिकीत ठेव, घरी गेल्यावर घंटागाडीत टाका." तिने नेऊन ठेवली.

सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा मावशींचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. त्या झिऱ्यापाशी उभ्या राहून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "आरं काय केलं हे. आरं काय केलं."

मी आणि नवरा खाली धावलो. काटेरी फांद्या एका बाजूला ओढलेल्या. झिऱ्याच्या पाण्यावर तेलाचा लाल तवंग, कडेला हळदीचा पिवळा ओघळ, तळाला भात आणि कोंबडीची दोन हाडं. तांबड्या मुंग्या कडेने रांग लावून उतरत होत्या. मावशींच्या काखेत रिकामा हंडा होता.

रस्सा कुणाचा ते मला वासावरूनच कळलं. रात्री मीच तो वाढला होता.

दाजी दात घासत मागून आले. टूथब्रश तोंडात तसाच. "काय झालं?"

"दाजी, पातेलं इथे विसळलंत का?" मी विचारलं.

"मग कुठे? तिकडे कडेला किती घाण आहे, बघितलंत का? पाय ठेववत नाही." आणि ते खाली थुंकले, वाळूत, झिऱ्यापासून हातभर अंतरावर. पांढरा फेस वाळूत जिरताना मी पाहिला. आजही टूथपेस्टचा तो वास आला की मला तो फेस दिसतो.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, हे पियाचं पानी हाय."

"अहो, एवढं धरण भरलंय समोर. तिथून घ्या ना." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा नरमले असावेत, कारण पुढे म्हणाले, "बरं, माझ्या गाडीत बिसलेरीचा बॉक्स आहे. तो घेऊन जा. झालं?"

मावशींनी लुगडं खोचलं, झिऱ्यात उतरल्या आणि वाटीने पाणी उपसून बाहेर फेकू लागल्या. ते सगळं पाणी काढून टाकायचं, तळाची वाळू खरवडून काढायची, आणि नवं पाणी पाझरेपर्यंत वाट बघायची, एवढाच उपाय होता. तोवर वाडीच्या आणखी बायका हंडे घेऊन येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एकही आमच्याशी बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मीही आत उतरले. ते तेलकट पाणी कोपरापर्यंत चढलं. हाड हाताला लागलं तेव्हा मला शिसारी आली, पण हात मागे घ्यायची सोय नव्हती. नवऱ्याने व्हॅनमधलं फावडं आणलं आणि वाळू ओढू लागला. थोड्या वेळाने नणंद आली. ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन ती माझ्या शेजारी वाकली आणि पातेल्याने पाणी फेकायला लागली. तेच पातेलं. ती रडत होती, पण हात थांबला नव्हता.

दाजी गाडीत जाऊन बसले. काचा वर, एसी चालू. इंजिनाचा धूर आमच्याकडे येत होता. मध्येच काच खाली करून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं चल, उशीर होतोय. ही लोकं करतील त्यांचं त्यांचं."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी बहिणीच्या नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. फावडं वाळूत रोवून तो गाडीपाशी गेला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही निघा. आणि असं वागणार असाल तर माझ्याबरोबर परत कुठे येऊ नका."

"कुणाला बोलतोस तू? एका बाईच्या खड्ड्यासाठी?"

"हो."

दाजींनी हॉर्न दाबून धरला. नणंद हात झटकत वर गेली, माझ्याकडे न बघता. गाडी धूळ उडवत चढाला लागली.

झिऱ्याचा तळ दिसेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. नवं पाणी आलं, पण पहिलं गढूळ होतं, तेही फेकावं लागलं. मावशींनी नंतरचं पाणी वाटीत घेऊन वास घेतला, तोंडाला लावलं, आणि मग बायकांना "भरा" म्हणाल्या. आम्ही आमचं सामान आवरून, त्यांना हात जोडून निघालो.

चढ संपून कच्ची वाट रस्त्याला मिळते तिथे रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे. मोरीच्या तोंडाशी दोन कुत्री एक काळी पिशवी फाडत होती. पत्रावळ्या रस्ताभर पसरलेल्या, आंब्याच्या कोया उन्हात चकाकत होत्या. नवऱ्याने गाडी पुढे काढली असती, पण मला पिशवीला लोंबणारी ती पट्टी दिसली. मोरपंखी रंगाची, कॉलनीतल्या एका बाईच्या ब्लाउजची. मीच गाठ मारली होती.

"थांबव," मी म्हणाले.

खाली उतरून मी ते सगळं हाताने गोळा केलं. रात्रभर डिकीत आणि मग उन्हात राहिल्याने ते आंबलं होतं. बोटांना चिकट, काळपट पाणी लागत होतं आणि ते मनगटावरून खाली वाहत होतं. एका कुत्र्याने हाड सोडायला नकार दिला, ते त्याला राहू दिलं. मोरीखाली वाकले तर तिथे आमच्या आधीच्या कुणाच्या तरी कितीतरी पिशव्या होत्या. त्या मी उचलल्या नाहीत. सगळ्यांच्या उचलायला मी कोण? घरापर्यंत आम्ही खिडक्या उघड्या ठेवून आलो, तरी तो वास पडद्यांत बसला. पडदे मी दोनदा धुतले आणि शेवटी नवे शिवले.

दोन आठवड्यांनी आम्ही मावशींसाठी एक नवा हंडा घेऊन गेलो. कच्च्या वाटेच्या तोंडाशीच जेसीबीने चर खणलेला होता, पलीकडे काटेरी फांद्यांची उंच वई. व्हॅन रस्त्यावर ठेवून चालत गेलो. मावशींनी पाणी दिलं, चहा दिला. हंडा मात्र घेतला नाही.

"गावानं ठरवलं, आता कुनालाच सोडायचं नाय," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "आम्हालाही नाही का मावशी?"

"तुमालाबी नाय. तुमी काय वंगाळ नाय, पर तुमच्या मागून येत्यात त्यांचं काय करू?"

परतीच्या वाटेत मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्या चराकडे पाहून मला बरं वाटलं. माझी जमीन असती तर मी तो आणखी खोल खणला असता.

दिवाळीत भाऊबीजेला नणंद एकटीच एसटीने आली. ओवाळून झाल्यावर तिने सांगितलं, की दाजी सगळ्या नातेवाइकांत सांगतात, आम्ही दोघांनी गावकऱ्यांसमोर त्यांचा मुद्दाम पाणउतारा केला. मी विचारलं, "मग तू काय म्हणतेस?" ती म्हणाली, "मी काय म्हणणार वहिनी? मी त्यांचं ताट रोज उचलते. कधी हात धुवायला उठत नाहीत, ताटातच धुतात." हे तिने अगदी सहज सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही सिन्नरकडे नवऱ्याच्या ओळखीच्या एकाच्या शेतात, गोठ्यामागे, विचारून गाडी लावली. नणंद दाजींशिवाय, एकटीच आमच्याबरोबर आली होती. तिथे शेणाचा वास येत होता आणि माश्या होत्या, पण रात्री तिला गाढ झोप लागली.