संकष्टीचा गोलकीपर

आमच्या कोचचा फुटबॉलबद्दल एकच सिद्धान्त होता आणि तो अंड्याचा होता. त्याच्याकडे बंगालमध्ये परीक्षेच्या दिवशी मुलांना अंडं देत नाहीत, कारण अंडं म्हणजे शून्य. हे शास्त्र त्याने थेट मैदानावर आणलं होतं. मॅचच्या दिवशी फॉरवर्डने अंड्याकडे बघायचंसुद्धा नाही. गोलकीपरने मात्र उकडलेली दोन अंडी खायची, तीही कोचच्या देखत, म्हणजे आपल्यावर होणारे गोल शून्य.

गोलकीपर मी होतो. पन्नाशीला टेकलेला, ढेरी सुटलेला, रिफायनरीच्या मेंटेनन्समधला पुण्याचा इंजिनियर. मला गोलात उभं करण्याचं कारण त्याने लपवलं नव्हतं. "दादा, आप दौड़ नहीं सकता. लेकिन जागा बहुत लेता है." माझी मुलगी यावर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

कोच मूळचा कोलकात्याजवळच्या एका गावचा. तळ्याकाठच्या मैदानात अनवाणी खेळत मोठा झाला. कोलकात्याच्या एका क्लबात लेफ्ट बॅक म्हणून दोन-तीन सीझन खेळला, मग गुडघा गेला. मग तो खेप खेळायला लागला. खेप म्हणजे गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये भाड्याने खेळायला जायचं. सकाळी या गावाचा भूमिपुत्र, संध्याकाळी त्या गावाचा. बक्षीस कधी रोख, कधी सायकल, कधी बोकड. एकदा जिंकलेला बोकड घेऊन घरी येताना कंडक्टरने बोकडाचं अर्धं तिकीट फाडलं, हे तो अजूनही अभिमानाने सांगायचा. पुढे कोचिंगचा कोर्स केला, पण कोच म्हणून कुणी घेतलं नाही. शेवटी इकडे सौदीत, रास अल खैरच्या एका प्रोजेक्टवर स्कॅफोल्डिंगच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून आला. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, धंदा मात्र लिहिला होता 'न्हावी', कारण व्हिसा देणाऱ्या कफीलकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. त्यामुळे कँपात नवा आलेला माणूस हमखास त्याच्याकडे केस कापायला यायचा. तो कापायचाही. माझे एकदा कापले होते. त्यानंतर महिनाभर मी ऑफिसात हेल्मेट काढलं नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मात्र तो आमच्या मराठी टीमचा कोच. पगार नाही, बसचं भाडं आम्ही भरायचो आणि जेवण माझ्या बायकोकडे.

तर यंदा त्याचा प्रोजेक्ट संपत आला. पुढच्या महिन्यात फायनल एक्झिट, म्हणजे सामान बांधून कायमचं घरी. त्याच सुमारास मुलीच्या शाळेत फुटबॉल कोचची जागा निघाली. प्रिन्सिपॉल मॅडम केरळच्या, अतिशय कडक. त्यांनी याचं सर्टिफिकेट पाहिलं, इकाम्यावरचा न्हावी पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या टीमची फायनल बघते, मग ठरवते." जेवताना कोचने हे सांगितलं आणि पुढे भातच कालवत राहिला. मग बायकोला म्हणाला, "बोउदी, पूरा जिंदगी सबको बोला हम कोच है. कोई कागज में लिखा नहीं." बोउदी म्हणजे वहिनी. वहिनीने त्याला न विचारता माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

फायनल आली शुक्रवारी, आणि त्या दिवशी संकष्टी होती.

मी काही फार देवभोळा नाही. पण आईला फोनवर कधीतरी "हो, करतो" म्हणून बसलोय, आणि ती दर संकष्टीला फोन करून काय खाल्लं ते विचारते. चंद्र दिसेपर्यंत जेवायचं नाही, आणि अंडं तर चंद्र दिसला तरी नाही.

हे ऐकून कोच सोफ्यावर बसला तो बसलाच. "दादा, गोलकीपर का डिम बंद?" डिम म्हणजे अंडं.

"डिम बंद," मी म्हणालो.

"हमारा नौकरी भी बंद."

बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, त्यांना विचारा, अंडंच लागतं की अंड्यासारखं चालतं?"

कोचने डोळे मिटून विचार केला. कोलकात्याला फोन लावून कुठल्याशा जुन्या गोलकीपरशी बराच वेळ बोलला. निकाल आला: बाहेरून पांढरं, आतून पिवळं, आकार बरोबर, तर चालेल. मग बायकोने उकडीचे मोदक अंड्याच्या आकाराचे करायचं ठरवलं. बाहेर तांदळाची उकड, आत खोबरं आणि पिवळा गूळ. कळ्या नाहीत, वर नाक नाही.

"बिननाकाचा मोदक गणपतीला चालेल?" मी विचारलं.

"त्याला स्वतःचं पुरेसं आहे," ती म्हणाली.

आता प्रश्न उरला चंद्राचा. स्वयंपाकघरातल्या आमच्या कॅलेंडरवर चंद्रोदय पुण्याचा असतो. घरात इंजिनियर मी, म्हणून हिशोब माझ्याकडे. सौदीचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणून मी पुण्याच्या वेळेतून अडीच तास वजा केले आणि जाहीर केलं, "मॅच सुरू व्हायच्या आधीच चंद्र दिसणार. मोदक खाऊन गोलात उभा राहतो."

मॅच रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर, समुद्राकाठच्या भाड्याच्या मैदानावर होती. आम्ही सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. बायकोच्या हातात ताट, कोचच्या हातात मोदकांचा डबा. चंद्राचा पत्ता नाही. रास तनुराच्या रिफायनरीच्या बाजूला चिमणीवरची ज्वाळा तेवढी लाल दिसत होती. घाटावरचा आमचा फॉरवर्ड, ज्याचं बाजारात मोबाइलचं दुकान आहे, म्हणाला, "भावोजी, त्यालाच हात जोडा नि खावा. उगवलाय तर उगवलाय."

मुलगी फोनवरून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, moon इंडियन टाइम follow नहीं करता. इधर उगेगा तब उगेगा."

एवढं शिक्षण घेऊन हे मला सुचलं नव्हतं. रेफरीने शिट्टी मारली आणि मी उपाशी गोलात गेलो.

समोर मल्याळी टीम. त्यांचे सगळे पोरगेले आणि सगळेच पळणारे. पहिल्या हाफमध्ये माझ्यावर किती शॉट आले ते मला माहीत नाही, कारण बहुतेक वेळा माझे डोळे मिटलेले होते. एक ढेरीवर आदळून परत गेला. एक पाठीवर आदळला, कारण मी चंद्र बघायला वळलो होतो. कोच साइडलाइनवर डबा छातीशी धरून फिरत होता. मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मुलगी मागून ओरडली, "बाबा, गैस सिलिंडर जैसे खड़े रहो, वही ठीक है."

दुसऱ्या हाफमध्ये त्यांना कॉर्नर मिळाला आणि नेमका तेव्हाच समुद्रावर चंद्र आला, एका बाजूने जरा झिजलेला. बायको गोलपोस्टच्या मागून म्हणाली, "अहो, आला बघा." तिने तिथेच पळीभर पाणी सोडलं, ताट ओवाळलं. कोच धावत आला. त्याचा गुडघा धावण्याचा नव्हता, पण आला. त्याने डबा उघडून गोलपोस्टपाशी ठेवला आणि मी दोन मोदक तोंडात कोंबले. सुदानी रेफरी जवळ येऊन इंग्रजीत विचारू लागला की हे काय चाललंय.

कोच गंभीरपणे म्हणाला, "मेडिकल."

रेफरीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला ते पटलं.

कॉर्नर आला, मी हात वर केले आणि बॉल हातात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. चिकट गुळाचा त्यात वाटा असावा, पण मी ते तेव्हा बोललो नाही. त्यानंतर माझ्याकडे आलेलं सगळं अडलं. मात्र समोरच्या बाजूला विचित्र काहीतरी व्हायला लागलं. आमचा मोबाइलवाला मोकळ्या गोलासमोर उभा राहून बॉल थेट पार्किंगमध्ये मारू लागला. एकदा, पुन्हा एकदा. मॅच शून्य-शून्य राहिली. पेनल्टी घ्यायच्या, तर ग्राउंडचं बुकिंग संपलं होतं. वॉचमन "यल्ला, खलास" म्हणत दिवे बंद करत निघाला. रेफरीने उरलेल्या एका दिव्याखाली नाणं उडवलं आणि कप मल्याळी टीमला गेला.

कोचने डबा उघडून पाहिला. रिकामा.

"बाकी का डिम किधर?"

मोबाइलवाल्याने तोंड पुसलं. "दादा, मी खाल्ले. कॉर्नरच्या येळंला सगळी तुमच्याकडं बघत होती. मला वाटलं प्रसाद हाय."

"फॉरवर्ड होके?" कोच एवढंच म्हणाला आणि टचलाइनवर खाली बसला. मी त्याच्याशेजारी बसायला गेलो, पण मला खाली बसायला वेळ लागतो, तोवर मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा गोलकीपर कॉर्नरच्या वेळी काय खात होता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आता नोकरी गेलीच होती, म्हणून कोचने सगळं खरं सांगितलं. अंडं, शून्य, संकष्टी, मोदक, चंद्र, फॉरवर्ड. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे गृहस्थ पालकसभेला येतात. आजवर त्यांनी आमचं एक ऐकलेलं नाही. अभ्यासाचं नाही, पार्किंगचं नाही. तुम्ही त्यांना उपाशी उभं केलंत आणि ते उभे राहिले." त्यांनी पर्स खांद्यावर घेतली. "रविवारी ऑफिसात या."

कोच टचलाइनवर बसलेलाच. बायको हळूच म्हणाली, "दादा, त्या हो म्हणाल्या." तेव्हा तो उठला.

इकामा बदलून आला, तो दाखवायला कोच घरी आला. व्हिसाच्या यादीत फुटबॉलचं काही शिल्लक नव्हतं. मिळालं ते 'पोहण्याचा कोच'. शाळेत पोहायचा तलाव नाही. आणि बंगालमध्ये तळ्याकाठी वाढूनही त्याला पोहता येत नाही, कारण लहानपणी सगळी मुलं पाण्यात असायची तेव्हा मैदान रिकामं मिळायचं.

मी विचारलं, "दादा, कुणी खरंच पोहून दाखवा म्हटलं तर?"

त्याने कार्ड दिव्याकडे धरलं आणि अरबी येत नसतानाही एका शब्दावर अंगठा ठेवला. "इधर कोच लिखा है ना? पक्का?"

मी मुलीला बोलावलं, शाळेत अरबी तीच शिकते. तिने वाचलं आणि मान डोलावली. मग बायकोने विचारलं, आज रस्सा कशाचा करू. कोच म्हणाला, "बोउदी, आज मॅच नहीं. डिम का झोल."