बुडालेल्या गावाचे सरपंच

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात पाण्याखालच्या गावाचे सरपंच एकच आहेत आणि ते माझे साडभाऊ आहेत. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही. पवनी तालुक्यातलं त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं फुटाण्यासारखी चहूकडे उडाली आणि हे पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत, सरळ रेघेतल्या प्लॉटवर येऊन बसले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. त्यात ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं बांधायचा एक खेळ होता. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांनी तो उघडला आणि सरळ आपलं गाव बांधायला घेतलं. आता रोज दिवेलागणीला ते खेळतात आणि नागपूर, सुरत, पुणे, जिथे कुठे गावची माणसं पांगली आहेत तिथून ती मोबाईलवर त्यांचा खेळ थेट बघतात आणि खाली लिहून त्यांच्याशी बोलतात.

साडभाऊंना खेळ येतो म्हणणं धाडसाचंच आहे. या खेळात अंधार पडला की भुतं येतात आणि ती मारायची असतात. साडभाऊ दार लावून घेतात आणि बघणाऱ्यांना सांगतात, "जाऊ द्या बापा, त्यायचं गाव बी बुडालं असंल." खेळात मारुतीच्या पारासमोरून जायचं झालं, की इकडे टेबलाखाली पायातली चप्पल काढतात. नवीन कोणी बघायला आलं की खेळ थांबवून पहिला प्रश्न, "कोनाचा गा तू?" बापाचं आणि आज्याचं नाव जुळेपर्यंत पुढची वीट बसत नाही. एकदा कुठला तरी परमुलखातला माणूस चुकून येऊन पडला. त्यालाही त्यांनी सोडलं नाही, शेवटी गावचा जावई ठरवून टाकलं.

गेल्या पोळ्याला मात्र गावात फूट पडायची वेळ आली. या खेळात बैलच नाहीत, नुसत्या गाई. साडभाऊंनी हौसेने पानांचं तोरण बांधलं आणि खाली गाई उभ्या केल्या. सुरतेच्या एका म्हाताऱ्याने नातवाकडून लिहून पाठवलं, "बैलाच्या सनाले गाई काहून उभ्या केल्या? गावची काही इज्जत हाय का नाही?" साडभाऊंना जेवण गोड लागेना. मग त्यांचं त्यांनाच सुचलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो, लाकडी बैलांचा. त्यांनी लाकडी ठोकळ्यांचे बैल रचले, ते चांगले घराएवढे झाले, आणि तोरणाखाली उभे केले. म्हातारा नरमला. "पोरायचा पोळा त पोरायचा," म्हणाला, "पन बैल हायेत."

तलावाची पाळ झाली, धानशेतीच्या बांध्या झाल्या, पण स्वतःच्या घराला लागून एक जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे. ती थोरल्या भावाची. गाव उठायची वेळ आली तेव्हा साडभाऊंनी नवा प्लॉट लवकर घेतला. दादा पाणी अंगणात येईपर्यंत हलले नाहीत. "तुह्यासाठी गाव आधीच बुडालं," एवढं बोलून ते लेकीकडे भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेले आणि तेव्हापासून बोलणं बंद. साडभाऊंना त्या घराची खुंटी न् खुंटी पाठ आहे, तरी ते बांधत नाहीत. "दादानं सांगितल्याशिवाय हात नाही लावत. येईल ना तो. त्याले यावंच लागंल," म्हणतात, आणि नवीन नाव दिसलं की "कोनाचा" विचारताना त्यांचा आवाज हलतो.

परवा कामासाठी शहापूरला गेलो, तेव्हा दादांकडे डोकावलो. दादा लेकीच्या मोबाईलवर तेच गाव बघत बसले होते. लेक हसून म्हणाली, "रोजच पाहतेत, काका. तिकडं सांगाचं नाही म्हनतेत." मी म्हटलं, "दादा, एक शब्द लिहा ना. घर बांधतील ते."

दादांनी मोबाईलवरची नजर काढली नाही. "बांधलं का मंग संपलं," ते म्हणाले. "जागा खाली हाय तवरिक तो माही वाट पाहून राहिला."

माझ्या पोटात हे राहिलं नाही, मी साडभाऊंना सांगून टाकलं. मला वाटलं, ते रडतील, नाहीतर तडक शहापूरची बस धरतील. त्यांनी नुसता खेळ लावला. थोड्या वेळाने कोणीतरी नेहमीसारखं लिहिलं, "भाऊ, दादाचं घर कवा बांधता?"

साडभाऊ त्या रिकाम्या जागेसमोर थांबले. "आता नाही बांधत," ते म्हणाले. "दादा पाहून राहिला."